मासे का मेले, ते सगळ्यांना माहीत होतं

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, म्हणजे पुढे नीट बोलता येईल. मी एक जुना वाफा आहे. फुलझाडांचा नव्हे. तुमच्या मोरीतून, बेसिनमधून, संडासातून जे पाणी तुम्ही 'गेलं एकदाचं' म्हणून सोडून देता, त्या पाण्याचा वाफा. एका वसाहतीच्या मागच्या उतारावर, कुंपणाची भिंत आणि ओढा यांच्यामध्ये मी आडवा पडलो आहे. लवकरच मला मातीने बुजवणार आहेत. त्याआधी मला थोडं बोलायचं आहे, आणि ते मी गोड करून बोलणार नाही. गोड बोलणाऱ्यांनीच माझा गळा कापला.

माझा जन्म एका भांडणातून झाला. त्या वेळी वसाहत नवी होती. भिंतींना ताजा रंग होता, दारांवर चकचकीत पाट्या होत्या, आणि मागच्या बाजूने एक पाइप गुपचूप ओढ्यात सोडलेला होता. पुढून साहेब आणि मागून सगळा उघडा कारभार! ओढ्याच्या खालच्या अंगाला एक बाई रोपवाटिका चालवायची. तिला सगळे रोपवाली म्हणत. एके दिवशी वसाहतीची सभा चालू असताना ती हातात बादली घेऊन आली आणि सभेच्या टेबलावर, चहाच्या कपांच्या शेजारी तिने ती धप्पकन ठेवली.

"हे तुमचंच आहे. खाली वाहत आलं होतं. परत आणून दिलंय."

बादलीत काय होतं ते सांगायला नको. लोक खुर्च्या सरकवून उठले. एक जण म्हणाला, "हे आमचं कशावरून?"

"मग काय आभाळातून पडलं? ओळखत नसाल तर निरखून बघा, घरचंच आहे."

तेव्हा मागच्या रांगेतून एक पांढऱ्या केसांची बाई उभी राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि सगळी वसाहत तिला नुसतं 'बाई' म्हणायची. ती म्हणाली, "ती खरं बोलते आहे. पाइप आपला आहे. लाज वाटत असेल तर ती वाटून घ्या आणि मग कामाला लागू."

मित्रांनो, हे वाक्य मी ऐकलेलं नाही, कारण मी तेव्हा नव्हतोच. पण माझ्या काठावर बसून लोकांनी ते इतक्यांदा सांगितलं आहे की मला ते पाठ झालं आहे. भर सभेत एकटीने उभं राहून खरं बोलणारी बाई ही माझी आई होती, असं मी मानत होतो. मानत होतो. पुढे ऐका.

मला गवंडीमामांनी बांधलं. ते तोंडात काडी धरून काम करायचे आणि काडी न काढता विनोद करायचे. "लोकांचे बंगले बांधले, कोणी पाणी विचारलं नाही. आता घाणीचं घर बांधतोय, तर रोज दोनदा चहा!" आधी त्यांनी एक बंद टाकी बांधली. घराघरातलं पाणी तिथे येऊन थांबायचं आणि जड गाळ तळाशी बसायचा. तिच्यापुढे मी: लांबट, उथळ, तळाला गिलावा, टोकांना जाड खडी, मध्ये बारीक खडी. पाण्याच्या नळीने त्यांनी माझा उतार पुन्हा पुन्हा तपासला. रोपवालीने कर्दळ आणि पाणकणीस आणून माझ्यात लावलं. शेवटी एक लहानसं तळं, त्यात डास खाणारे मासे, आणि तळ्यातून ओढ्याकडे जाणारी नाली.

तुम्ही म्हणाल, खडीने काय होतं? खडीवर एक बुळबुळीत साय धरते. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची ती साय असते. घाण हे त्यांचं जेवण. मी कोण? मी फक्त त्यांचं ताट. कर्दळीची मुळं त्यांना थोडी हवा पुरवायची, स्वतः थोडं खत उचलायची आणि वर लाल-पिवळी फुलायची. पाणी माझ्या एका तोंडाने काळंकरडं यायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत त्यातून तळाचे खडे दिसायचे. विजेची तार मला कधी लागली नाही. उतार होता, तेवढा पुरे होता.

माझी एक पाळी असायची. लांब दांड्याचा एक झारा होता. ज्या घराच्या दाराशी तो टेकलेला असेल, त्या घराने त्या आठवड्यात माझ्या तोंडाशी अडकलेले केस, प्लास्टिक आणि इतर भानगडी काढायच्या, वाळलेली पानं कापायची आणि झारा शेजारच्या दाराशी नेऊन ठेवायचा. डॉक्टर असो की टॅक्सीवाला, झारा कोणाला चुकला नाही. नव्या लग्नाच्या सुनेला सासू म्हणायची, "घर दाखवलं, आता घराचा शेवट दाखवते, चल," आणि तिला माझ्याकडे घेऊन यायची. भांडणंही व्हायची. "तुमच्या पोरींचे केस निघतात सारखे!" "आणि तुमच्या सायबांचे निघत नाहीत, कारण उरलेच नाहीत!" माझ्या काठावर मी जेवढं हसू ऐकलं, तेवढं त्यांच्या दिवाणखान्यांत झालं नसेल.

पाहुणे यायचे. बाई त्यांना माझ्याकडे आणून पेला भरायच्या. "वास घ्या, वास! नाक काय चष्मा ठेवायला दिलंय?" पाहुणे घाबरत वास घ्यायचे आणि मग तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघायचे. उन्हाळ्यात ओढ्याला माझ्याच पाण्याची धार असायची. त्या धारेवर रोपवालीची रोपं जगायची, बेडूक ओरडायचे, एक बगळा तर पगारी नोकरासारखा रोज हजर असायचा.

मी काही धुतल्या तांदळाचा नाही, हेही सांगतो. माझ्या टाकीतला गाळ वेळेवर उपसला नाही तर मी तुंबतो. त्या टाकीतून जो वायू निघतो तो हवेला चांगला नाही. थंडीत मी मंद होतो. माझ्या तळाला तडा गेला आणि कोणी बघितलं नाही, तर माझी घाण जमिनीत उतरून विहिरीपर्यंत जाईल. आणि बाजारपेठा, दवाखाने, एकाला एक चिकटलेल्या चाळी यांना वाफ्यासाठी जागा कुठून आणायची? तिथे सांडपाणी शुद्ध करणारं मोठं केंद्रच हवं. ते शहराच्या पार खालच्या टोकाला असतं, तिथे मोठाले पंप दिवसरात्र हवा भरतात आणि शिकलेली माणसं पाण्यावर लक्ष ठेवतात. त्या केंद्राला शिव्या द्यायला मी बसलेलो नाही. माझं भांडण केंद्राशी नाही. माझं भांडण माझ्या माणसांशी आहे.

झालं असं. शहराने त्या केंद्राकडे सांडपाणी नेणारी मोठी नळवाट आमच्या रस्त्यापर्यंत आणली. हुकूम निघाला की ज्या वसाहतींची स्वतःची सोय आहे त्यांचं पाणी तपासलं जाईल. पाणी चांगलं निघालं तर सोय राहील, नाही तर ती बंद करून नळवाटेला जोडणी घ्यावी लागेल. म्हणजे एका बाटलीभर पाण्यावर माझा जीव टांगला होता.

मला भीती नव्हती. माझं पाणी मला माहीत होतं.

पण वसाहतीचे चिटणीस हे बाईंचे चिरंजीव. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. उत्साही होता, आणि उत्साहाला अक्कल लागते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तो नोकरी करायचा त्याच कचेरीत, जिथून तपासनीस येणार होते. बाई बहिणीकडे गेल्या होत्या. त्या नसताना चिटणिसाने दारोदारी निरोप दिला: "पाहुणे यायचे असले की आपण घर फिनेलने पुसतो ना? मग आपला वाफा काय परका आहे? सगळ्यांनी मोरीत, संडासात फिनेल ओता. ब्लीचिंग पावडर असेल तर तीही. वाफा असा घमघमला पाहिजे, की तपासनीस बघतच राहतील!"

आणि मित्रांनो, सगळ्यांनी ओतलं. प्रेमाने ओतलं! शेजारणीने अर्धी बाटली ओतली म्हणून हिने पूर्ण ओतली. ज्यांनी वर्षानुवर्षं झारा धरला होता, त्यांनी ओतलं. एक आजोबा तर खास माझ्यापर्यंत चालत आले आणि "घे बाबा, तूही जरा स्वच्छ हो," म्हणत त्यांनी पावडरीचं पाकीट थेट माझ्या तोंडावर रिकामं केलं.

ज्या सायीवर मी जगत होतो, ती मेली. जळून सुटली आणि पाण्याबरोबर वाहून तळ्यात गेली. फिनेलचा वास दोन-तीन दिवसांत उडाला आणि मग जी दुर्गंधी सुटली ती मी जन्मात दिली नव्हती. घाण येत राहिली आणि ती खाणारं कोणी उरलं नाही. तळ्यातले मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले.

तपासणीच्या सकाळी बाई परतल्या. पिशवी खांद्यालाच होती. माझ्या काठावर आल्या, मासे बघितले आणि एका क्षणात सगळं समजल्या. विज्ञान शिकवणारी बाई ती.

"काय ओतलं रे?"

"फिनेल. आणि थोडी पावडर. म्हटलं वास चांगला..."

"अरे गाढवा! जेवणाऱ्यांच्या ताटात विष कालवलंस आणि वर म्हणतोस वास चांगला यावा म्हणून?"

"आई, हळू बोल." चिटणिसाचा चेहरा राखेसारखा झाला होता. "हे बाहेर कळलं, तर तपासणीआधी पाण्यात मुद्दाम काहीतरी मिसळलं असंच धरतील. मी त्याच कचेरीत आहे, आई. माझी नोकरी जाईल."

बाईंनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, त्या शब्द जुळवत आहेत.

तपासनीस मॅडम आल्या. शांत बाई. त्यांनी बाटली भरली, उजेडात धरली आणि मग तळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. भोवती निम्मी वसाहत जमली होती. रोपवालीही आली होती.

"मासे का मेले?" मॅडमनी विचारलं. "हे बघा, या वाफ्याबद्दल मी चांगलं ऐकलंय. नाल्यांमध्ये कोणी काही ओतलं होतं का? ओतलं असेल तर सरळ सांगा. याला सावरायला वेळ देईन, मी नंतर पुन्हा येईन. पण कारण कळलं पाहिजे."

इतकं सोपं होतं, मित्रांनो. एक 'हो' पुरे होता.

रोपवाली म्हणाली, "मागे पाण्याला फिनेलचा वास होता. मी रोपांना पाणी घालणं थांबवलं."

मॅडम बाईंकडे वळल्या. "तुम्हीच हा उभा केला ना? तुम्ही सांगा."

मी वाट बघत होतो. भर सभेत उभी राहिलेली ती बाई मला दिसत होती. आणि बाई म्हणाल्या, स्पष्ट, शाळेत उत्तर सांगावं तशा: "नाही. आमच्याकडे असं कोणी काही करत नाही. हिला त्या वेळी सर्दी झाली होती. हिच्या नाकाचं काय घेऊन बसलात?"

कोणीतरी फिसकन हसलं. रोपवालीने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. पावडरवाल्या आजोबांनी मान खाली घातली. अर्धी बाटली आणि पूर्ण बाटली, दोघी एकमेकींच्या पदराकडे बघायला लागल्या. "अहो, बोला की कोणीतरी," रोपवाली म्हणाली. "तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?"

धरलीच होती. सगळ्या वसाहतीने धरली होती.

"एकीच्या सांगण्यावर मला काही करता येत नाही," मॅडम म्हणाल्या आणि बाटलीचं बूच लावून निघून गेल्या.

शत्रूने मारलं असतं तर मी काही बोललो नसतो. चुकून मारलं, तेही मी गिळलं असतं, कारण सायीला पुन्हा धरायला वेळ लागतो, पण ती धरते. चुकीतून मी उठलो असतो. त्या 'नाही'तून उठता आलं नाही.

पाणी नापास ठरलं आणि माझी जोडणी तोडायला गवंडीमामाच आले. आता वाकले होते. माझ्या तोंडात विटा रचताना म्हणाले, "बांधायलाही मी, बुजवायलाही मी. काम मात्र दोन्ही वेळा पक्कं." पण त्या दिवशी तोंडात काडी नव्हती आणि स्वतःच्या विनोदावर ते हसलेही नाहीत.

वसाहतीचं पाणी नळवाटेने जायला लागलं. आता झारा नको, पाळी नको. लोक खूश झाले. मोठं केंद्र ते पाणी चांगलं धुतं, असं ऐकतो, आणि मी ते खोटं म्हणणार नाही. पण धुतलेलं पाणी तिकडेच, शहराच्या पलीकडे सोडतात. आमच्या ओढ्याकडे त्यातला थेंब परत येत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात ओढ्याचे दगड उघडे पडले. बेडूक गेले. बगळा दोन-चार दिवस येऊन उभा राहिला आणि मग तोही समजला.

रोपवालीने आधी मोठी झाडं वाचवायचा प्रयत्न केला, मग लहान, मग कुंड्या. शेवटी गाडी बोलावली. जाण्याआधी ती बाईंच्या दारात गेली. दार माझ्याकडच्या बाजूला आहे, म्हणून मला ऐकू आलं.

"बाई, मी जाते आहे. सर्दी बरी झाली माझी, तेवढं सांगायला आले होते."

बाईंनी दार लावून घेतलं.

मग आणखी एक झालं. आमची वसाहत खोलगट भागात आहे. इथलं आणि आजूबाजूच्या वस्त्यांचं पाणी वर चढवून नळवाटेत ढकलण्यासाठी कोपऱ्यावर एक पंप बसवला आहे. वीज आहे तोवर पंप आहे. एका पावसाळ्यात वीज दोन दिवस गेली आणि कोपऱ्यावरचं झाकण उचललं गेलं. सगळं काळं पाणी भळाभळा रस्त्यावरून, उतारावरून, माझ्या अगदी कुशीतून ओढ्यात गेलं. माझं तोंड विटांनी बंद. समोरून घाण वाहते आहे आणि मला ती धरता येत नाही, हे कसं वाटतं, ते शब्दांत सांगता येत नाही. मी बिघडलो असतो तर एक वसाहत नाक धरून बसली असती. हे बिघडलं तेव्हा खाली सगळा ओढा मेला.

तक्रारी गेल्या, आणि त्याच तपासनीस मॅडम पुन्हा आल्या. ओढ्याचं पाणी बाटलीत भरलं, आणि मग माझ्या काठावर येऊन थांबल्या. कर्दळ पावसाच्या पाण्यावर तगून होती. बाई तिथेच बाकावर बसल्या होत्या, शेजारी चिटणीस. तो आता कचेरीत वरच्या खुर्चीवर गेला होता.

"हा अजून शाबूत आहे," मॅडम म्हणाल्या. "पंप बंद पडला की निदान तुमचं पाणी याने धरलं असतं. मी हा पुन्हा सुरू करायला सांगू शकते. पण नापास झालेला वाफा कशाच्या आधारावर सुरू करू? त्या वेळी मासे का मेले, एवढं कोणी सांगितलं तरी पुरे."

मित्रांनो, किती जणांना आयुष्यात दुसरी संधी मिळते? बाईंना मिळाली. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलाने ओढ्याकडे बघितलं.

"वय झालं हो माझं," बाई म्हणाल्या. "आठवत नाही."

मॅडम गेल्या. चिटणीस त्यांना पोचवायला गेला. मग बाई काठीच्या आधाराने माझ्याजवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मला माफ कर. पोटचा पोरगा आहे रे. काय करू?"

मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं! कर्दळीला माहीत होतं. ज्यांना माहीत नव्हतं त्या मॅडम अजून फाटकाशी होत्या, गाडीचं दार उघडत होत्या. बाईंनी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. बाई माझ्याशी बोलत राहिल्या, आणि गाडी निघून गेली.

आता माझ्या जागी गाड्या उभ्या करायची सोय होणार आहे. मातीचा पहिला ढीग काल येऊन पडला आहे. मी जगणार नाही, तेव्हा माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुमच्या शाळेमागे, वसाहतीमागे, वस्तीच्या टोकाला माझ्यासारखा कोणीतरी असेल, लहान किंवा मोठा. त्याच्या जिवावर तुम्ही स्वच्छ आहात. मोरीत काही ओतण्याआधी विचारा, ते कोणाच्या ताटात जाणार आहे. गाळ वेळेवर उपसा, आणि जोडणी तोडण्याआधी पाणी परत कुठे येणार ते विचारा. आणि ओतलंच चुकून, तर घाबरू नका. चूक आम्ही पचवतो, घाण पचवणं हाच आमचा धंदा आहे. फक्त कोणी येऊन विचारलं, तर त्याच्या तोंडावर खरं सांगा. नंतर आमच्या काठावर येऊन रडू नका. खारट पाणी आम्हाला साफ करता येत नाही.